बिनआवाजाचं आभाळ

आमच्या घरात आवाज थांबला की माणसं जागी व्हायची. बाकीच्या जगात उलटं असतं, हे मला लग्न होऊन पुण्याला गेल्यावर कळलं. कबनूरला आमच्या गल्लीत घराला लागून मागांचं शेड, शेडला लागून शेजाऱ्याचं घर, त्याला लागून त्याचं शेड, असं सगळं ओळीनं, आणि रात्रंदिवस खटखट चालू. ती खटखट आम्हाला ऐकूच येत नसे. पाळण्यातलं पोर त्या आवाजात गाढ झोपे आणि लाईट जाऊन माग थांबले की भोकाड पसरी. मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी चहाला बसला की माझी आई, म्हणजे अव्वा, त्याला मनापासून विचारायची, "काय पावणं, ढेकणं चावली काय?" पाहुणा काय सांगणार? घरभर सुताची लव उडायची. पाण्याच्या हंड्यावर, देवाच्या दिव्यावर, भाकरीच्या पिठावर बसायची. अव्वा भाकरी थापता थापता ती चिमटीनं काढून टाकी. आम्ही दोघी बहिणींनी त्या घरात किती सूत खाल्लं असेल, कुणास ठाऊक. आता माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये रात्री इतकं शांत असतं की मी थंडीतसुद्धा पंखा लावून झोपते. नवऱ्याला वाटतं मला उकडतं.

अप्पांचे स्वतःचे चार माग होते. त्याआधी तरुणपणी ते दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला होते आणि कान त्यांनी तिथेच घालवले. एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज गेले, मग पुरुषांचे, आणि सगळ्यात शेवटी देवळातली घंटा गेली, असं ते स्वतःच सांगायचे. पण मागावरच्या माणसांचं कानावाचून फार अडत नाही. शेडमध्ये ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथे सगळेच आवाज न काढता बोलतात. ओठ नीट उघडायचे आणि जोडीला हात हलवायचे. अप्पा समोरच्याचे ओठ वाचत. शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस काय पुटपुटला, ते त्यांना इथून कळे. त्यामुळे आमच्या घरात कुणाच्या पाठीमागे बोलायचं तर खरोखरच पाठ फिरवून बोलावं लागे. अव्वा आणि अप्पा भांडायचेही तसेच, चकार शब्द न काढता, भुवया आणि बोटं नाचवत. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे आईबाप असेच भांडतात. मागात काही बिघडलं तर अप्पा त्याच्या सांगाड्यावर तळहात ठेवून उभे राहत आणि कुठं काय ढिलं झालंय ते सांगत. अंधारात मात्र त्यांचं काही चालत नसे. लाईट गेली की आम्हाला सगळं जग ऐकू यायला लागे आणि अप्पा एकटे पडत. ओठच दिसत नाहीत, तर बोलून काय उपयोग? ते गच्चीच्या कठड्याला टेकून, मान वर करून गप्प बसत.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाव गिरिजा, पण तिला कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. अव्वासुद्धा तिला अक्काच म्हणे. लहानपणी तिला मोठा ताप आला होता, सांधे सुजले होते, आणि तो ताप जाताना तिच्या हृदयाची एक झडप खराब करून गेला. हे आम्हाला कळलं फार उशिरा, जिना चढताना ती मधेच बसायला लागली तेव्हा. निपाणीकडचं एक स्थळ ठरत आलं होतं, ते गपचूप मागे फिरलं. मग पुण्याला तिचं ऑपरेशन झालं. अप्पा आणि काका बरोबर गेले. अव्वा आणि मी घरी माग सांभाळत राहिलो आणि रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन काकांच्या फोनची वाट बघत बसलो. खराब झडप काढून धातूची बसवली होती. अक्का परत आली ती छातीवर लांब शिवण, जन्मभर घ्यायच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि एक आवाज घेऊन. कच्च्या मेथीचा घोळाणा तिच्या जिवाचा, पण त्या गोळ्यांवर पालेभाजी बेताची खायची म्हणून सांगितलं होतं, तर तिनं मेथीकडे बघायचंच सोडून दिलं. अव्वानंही मग मेथी घरात आणणं बंद केलं.

आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तो लोडशेडिंगमध्ये. त्या दिवसांत दिवेलागणीनंतर लाईट जायची. शाळूच्या भाकरीची टोपली, शेंगदाण्याची चटणी, दह्याचं भांडं असं सगळं घेऊन आम्ही गच्चीवर जेवायला जायचो. माग बंद, सगळी गल्ली बंद. आणि त्या शांततेत एकदम ऐकू आलं: टिक, टिक, टिक. अव्वानं आधी माझ्या मनगटाकडे बघितलं. मग आम्ही दोघींनी अक्काकडे बघितलं. ती भाकरीचा घास हातात धरून हसत होती. "अव्वा, पुण्यासनं घड्याळ गिळून आलोय मी." (आमच्याकडच्या बायका 'आलो, गेलो'च म्हणतात. सासरी यावरून मला वर्षभर हसले.) अव्वानं पदर तोंडात कोंबला. अप्पांना काय चाललंय ते कळेना. मी कंदील तोंडाजवळ धरून त्यांना सांगितलं. ते उठले, अक्काच्या मागे बसले, आणि बिघडलेल्या मागावर ठेवायचे तसा तळहात तिच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "बारीक धोटा हाय. बराबर चाललाय." धोटा म्हणजे मागात उभ्या धाग्यांतून या टोकाचा त्या टोकाला पळतो तो. अप्पांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कुणाला मिळालेली ऐकली नाही.

आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं. रोज दोन वेळा ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची आणि त्याच्याकडे टक लावून बसायचं. अक्काचं हे कधी चुकलं नाही. ऑपरेशनच्या वेळी लिंग काढून ठेवावं लागलं, तर शुद्धीवर आल्यावर तिनं आधी ते मागितलं आणि मग पाणी. माझं लिंग मात्र कपाटात, केसांच्या पिनांच्या डब्यात पडलेलं असे. मी इचलकरंजीला कॉलेजात सायन्सला होते. माझ्या नास्तिकपणाचं खापर अव्वा त्या कॉलेजवर फोडायची, आणि मीही चारचौघांत तेच कारण सांगत असे. खरं कारण कॉलेज नव्हतं. ज्यानं माझ्या बहिणीला असलं काळीज देऊन पाठवलं, त्याला मी रोज आंघोळ घालून भस्म लावणार नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. मी त्याच्यावर चिडले होते. नसलेल्या माणसावर चिडता येत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

जेवणं झाली की अक्का गच्चीवर गोधडी टाकून उताणी पडायची आणि मी तिच्या शेजारी. शेडांचे दिवे नाहीत, रस्त्याचे नाहीत. चांदण्या इतक्या की बघवत नाही. सप्तर्षींना अव्वा म्हातारीची बाज म्हणायची, आणि मागच्या तीन चांदण्या म्हणजे ती बाज पळवायला आलेले तीन चोर. एका संध्याकाळी अक्का म्हणाली, "शैले, जेवाय बसलो तवा बाज टाकीवर हुती न्हवं? आता बघ. नारळाकडं सरकली."

"सरकणारच की. पृथ्वी फिरती."

"फिरती न्हवं? मग आवाज कुठं हाय?" ती कोपरावर उठली. बोलताना तिची टिकटिक जरा वाढायची. "चार मागांनी अप्पांचं कान गेलं. वर एवढं मोठं चाललंय आणि कुणाच्या कानाला तरास न्हाई. असा कारखाना कुठं बघितलास काय?"

"आवाज न्हाई म्हंजे बंद हाय," मी म्हटलं. "आपल्या शेडात आवाज नसला म्हंजे काय आस्तं? वर बी तसंच. शटर वडून मालक गेलाय."

"मग बाज कोण सरकवतंय?"

"कोण न्हाई."

अक्का हसली आणि परत आडवी झाली. ती माझ्याशी कधी हुज्जत घालत नसे, तेच मला खुपायचं. अप्पा पलीकडे कठड्याशी वर बघत बसलेले असत. त्यांना आमचं काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यांना वर काय दिसत होतं ते आम्ही कधी विचारलं नाही.

गच्चीवर तिला हसू यायचं, पण खाली खोलीत तोच आवाज तिला झोपू देईना. शेजारच्या शेडांत रात्रपाळी असली तर बरं. नसली की ती टक्क जागी. स्वतःचंच काळीज रात्रभर मोजत पडायचं, ते माणसाला कसं सोसावं? डोळ्यांखाली काळं यायला लागलं. मग अप्पांनी काय केलं, तर अक्काच्या खोलीला लागून जो माग होता तो एकटाच रात्रभर चालू ठेवायला लागले. गिऱ्हाईक नसलं तरी चालू. दिवसा चार माग बघायचे आणि रात्री त्या एकापाशी बसून डुलक्या घ्यायच्या. धागा तुटून माग थांबला की अक्का जागी व्हायची, म्हणून ते तुटू द्यायचे नाहीत. भिंतीपलीकडे खटखट सुरू झाली की अक्का दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपी जायची. अव्वा कृतार्थ होऊन म्हणायची, "बापानं अंगाई लावून दिलीया बघ." मलाही ते तसंच वाटायचं. आजही, पुढचं सगळं माहीत असताना, मला ते तसंच वाटतं.

मग लोडशेडिंगची वेळ बदलली. लाईट दुपारची जायला लागली. दुपारी कसली शांतता? पोरं, भांडी, रस्त्यावरचे टेम्पो. संध्याकाळी आणि रात्री माग चालू. गच्चीवरची जेवणं थांबली, चांदण्या थांबल्या, आणि अक्काचा आवाज ऐकायला कुणाला सवडच राहिली नाही. ती जिना चढताना पुन्हा थोडी थांबायला लागली होती. "लव गेली आसंल छातीत," अव्वा म्हणायची आणि गूळ द्यायची. गोळ्या वेळेवर चालू होत्या. कुणाचंच कुठं काही चुकत नव्हतं.

उन्हाळ्याच्या ऐन तापात एका संध्याकाळी कोपऱ्यावरची डीपी मोठा आवाज करून जळाली आणि अख्खी गल्ली गप झाली. लाईनमन उद्याच येणार म्हणून कळलं. आम्ही कितीतरी दिवसांनी टोपली घेऊन वर गेलो. अक्का सावकाश चढली, मधे बसली, परत चढली. वर आल्यावर ती गोधडीवर पडली आणि मी तिच्या शेजारी पडले. बाज टाकीवरून केव्हाच निघून गेली होती, आता ती नारळाच्या शेंड्याशी उंच होती. मी टिकटिक सुरू व्हायची वाट बघत होते. ती ऐकूच येईना. मी श्वास धरला. लांब कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, ते ऐकू येत होतं. मग मी अक्काच्या छातीला कान लावला. आत खोलवर काहीतरी मऊ, दबल्यासारखं हलत होतं, पण ती खणखणीत टिकटिक गेली होती.

"अक्का, आवाज कुठं गेला?"

तिनं स्वतःच ऐकून बघितलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "मुरलं की गं." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अंगात मुरलं. आता ते माझंच झालं."

अव्वा धावत आली. तिनं कान लावला, सरळ झाली, परत लावला. मग दोन्ही हात आभाळाकडे जोडून ती मोठ्यानं रडायला लागली, "देवानं आपलंसं केलं बघ त्येला! लोखंडाचं काळीज केलं!" कंदिलाच्या उजेडात तिनं अप्पांना ओठांनी सांगितलं. अप्पांनी अक्काच्या पाठीवर तळहात ठेवला. ठेवला आणि सरकवला, परत ठेवला. "लागत न्हाई हाताला," ते म्हणाले. "मुरलं म्हणून!" अव्वा म्हणाली. अप्पांनी तिचे ओठ बघितले आणि मान हलवली. अव्वा तशीच खाली जाऊन अंधारात चूल पेटवून बसली आणि तिनं गव्हाची हुग्गी केली, सणाला करतो ती खीर, वेलची घालून.

मी गच्चीवरच होते. त्या वेळी मला काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी वर बघितलं, आणि तिथं कुणीतरी आहे, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे पटलं, जसं घरात शिरताच कुणी आहे की नाही ते कळतं तसं. एवढं सगळं आवाज न करता चालतंय आणि आता माझ्या बहिणीचं काळीजही त्याच पद्धतीनं चालायला लागलंय, त्यानं तिला आपल्या कारखान्यात घेतलंय, असं माझ्या मनात आलं आणि मी हमसून हमसून रडले. माझा सगळा राग गेला. खाली जाऊन मी पिनांचा डबा उघडला, लिंग धुतलं, दोरा नवा ओवला आणि गळ्यात बांधलं. अव्वानं ते चुलीच्या उजेडात बघितलं. तिनं मला एक पळी हुग्गी जास्त वाढली. त्या रात्री अक्का मागाशिवाय झोपली, गच्चीवर, उघड्यावर. मी जागी राहून बाज नारळाच्या पलीकडे उतरताना बघितली. माझ्या आयुष्यात इतक्या सुखाची रात्र दुसरी आली नाही. लग्नाची नाही, पोरं झाली तेव्हाचीही नाही.

दोन दिवसांनी पहाटे अक्काला श्वास घेता येईना. काकांनी जीप आणली. मिरजेच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिचे ओठ निळे झाले होते. ती माझा हात धरून काहीतरी सांगत होती, पण आवाज फुटत नव्हता, आणि मला अप्पांसारखे ओठ वाचता येत नव्हते. अप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. झडपेवर रक्ताची गाठ धरली होती. डॉक्टर काकांना बाजूला घेऊन विचारत होते, आवाज कधी कमी झाला? काकांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आवाज दबला तेव्हाच आणायला हवं होतं हो. तीच खूण असते." मी काकांच्या मागेच उभी होते. अव्वा लांब बाकावर बसली होती, तिला काही ऐकू गेलं नाही. आणि अप्पा व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून उभे होते, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत. ते चालत आमच्यापर्यंत आले. काकांकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघून ठेवलं, आणि अव्वाकडे हात केला. अव्वाला आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, की पोरीला देवानं जायच्या आधी दोन दिवस सुखाचे दिले.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. अक्काला बसवलं, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं, वर बेलाची पानं. मी गळ्यातला दोरा तोडून माझं लिंगही त्या खड्ड्यात टाकणार होते. हात दोऱ्यापर्यंत गेलाही होता. तेवढ्यात अव्वानं तो हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "एक देवाकडं गेली, पर एकीला देव दिसला बघा." दोरा गळ्यातच राहिला. आता तो कसा काढणार? काढला तर का काढला ते तिला सांगावं लागणार. म्हणजे माझ्यापाशी जी काय श्रद्धा होती ती एका चुकीतून आलेली, आणि त्या चुकीबद्दल तोंड उघडायची मला बंदी. मी सकाळ-संध्याकाळ अव्वासमोर लिंग तळहातावर घेऊन बसायचे आणि त्याला मनातल्या मनात म्हणायचे, तू मला फसवलंस.

खोलीला लागून असलेला तो माग अप्पांनी परत चालू केला नाही. त्यावर अर्धवट विणलेलं कापड तसंच होतं, ते कापूनही घेतलं नाही. बाकीचे तीन चालायचे. मृगाच्या तोंडाशी लोडशेडिंगची वेळ पुन्हा संध्याकाळवर आली. अव्वा वर यायची नाही. मी एकदा गेले तर अप्पा कठड्याशी नेहमीसारखे बसले होते. चंद्र नव्हता, कंदील मी आणला नव्हता. मी शेजारी बसले. त्यांना माझं येणं कळलं असावं, कारण थोड्या वेळानं ते बोलायला लागले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून ते एरवी फार मोठ्यानं बोलत. त्या दिवशी हळू बोलले.

"पुण्याच्या डॉक्टरनं आमी निघताना मला धा मिनटं सांगिटलं. तुजा काका औषधं आणाय गेलता. डॉक्टरच्या तोंडाला फडकं हुतं. फडक्यामागं तोंड हलत हुतं, येवडंच मला दिसलं. 'फडकं काढा' म्हणाय मला लाज वाटली. मी मान हलवत ऱ्हायलो. शेवटी तेनं माझ्या खांद्यावर हात ठिवला, म्हणलं कळलं का. ते डोळ्यावरनं वळखलं. मी म्हणलं, व्हय. आन् वर आनी तो माग लावला रातचा. कुणाला ऐकूच जाऊ दिलं न्हाई."

मी म्हटलं, "तुमची चूक न्हवती, अप्पा." अंधारात म्हटलं. त्यांना ओठ दिसणं शक्य नव्हतं. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी खाकरलं. अप्पा समोरच बघत राहिले. शेवटी मी त्यांचा हात उचलला, तो तळहात माझ्या पाठीवर ठेवला आणि तेच वाक्य परत परत म्हणत राहिले, रडत, शब्द तुटत. ते पूर्ण खरं नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. 'फडकं काढा' एवढे दोन शब्द म्हटले असते तर अक्का कदाचित राहिली असती. तरी मी म्हणत राहिले.

मी थांबले तेव्हा अप्पांनी हात काढला नाही. म्हणाले, "काय म्हणलीस, कळलं न्हाई. पर बोललीस, येवडं हाताला लागलं. बोलत जा आसंच."

वर बाज मावळतीकडे कलली होती. तिथं कुणी आहे असं मला त्या दिवशी वाटलं नाही. ते पहिल्या रात्रीसारखं वाटणं पुन्हा कधीच आलं नाही, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर ते येईल अशी आशाही मी सोडली आहे. वर कुणी असेल तर ते ऐकत असेल याची मला मुळीच खात्री नाही. असंही असेल की त्याच्या आणि आपल्या मधे कसलं तरी फडकं आहे, आणि तो आपला नुसती मान हलवतोय.

आता अप्पा नाहीत, अव्वाही नाही. शेड भाड्यानं दिलंय, तिथं बिनधोट्याचे नवे माग आलेत. गल्लीत पांढरे झगझगीत दिवे लागलेत आणि गच्चीवरून मोजक्या चांदण्या दिसतात, त्यात बाज अर्धीच ओळखू येते. माहेरी गेले की मी एकदा तरी वर जाते. लिंग तळहातावर घेते. प्रार्थना मला येत नाही. मान वर करून, मागावरची माणसं बोलतात तसे, आवाज न काढता ओठ नीट उघडते आणि अप्पांना म्हटलं होतं तेच म्हणते: तुझी चूक न्हवती. तेव्हासारखंच, ते पूर्ण खरं नसतं. तरी म्हणते.